लोकांनी ढकललेली गाडी

इतिहास म्हटला की तह, लढाया, सनदा आणि राज्यारोहणे डोळ्यांपुढे येतात. त्या मालिकेत एका खटारा मोटारीला जागा द्यावी, हे काहींना थोडे गमतीचे वाटेल. परंतु समाजाची रचना जशी सनदांतून कळते तशीच ती उत्सवांतूनही कळते. मिरवतो कोण, पाहतो कोण आणि रस्ता कोणाचा, हे उत्सवाच्या दिवशी जितके स्पष्ट दिसते तितके एरवी दिसत नाही. म्हणून ब्राझील देशातील साल्व्हादोर शहरात १९५० साली दोन हौशी वादकांनी एक जुनी फोर्ड गाडी सजवून, तिच्यावर कर्णे चढवून रस्त्यावर आणली, त्या घटनेकडे आम्ही आज वळणार आहोत. त्या गाडीतून पुढे केवढाले मालट्रक निघाले आणि त्या ट्रकांभोवती एक दोर कसा आला, हा आमच्या कथेचा विषय आहे.

प्रथम स्थळ पाहू. साल्व्हादोर हे बाहिया प्रांताचे मुख्य शहर. १५४९ पासून १७६३ पर्यंत पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी येथेच होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची फार मोठी संख्या याच बंदरात उतरली, आणि ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. शहराचे दोन भाग आहेत : खाली बंदर, वर टेकाडावर पेठा आणि सरकारी कचेऱ्या. लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधी येणारा कार्निव्हल हा येथला मोठा सण. पूर्वी त्याला ‘एंत्रुदो’ म्हणत आणि त्या दिवसांत लोक एकमेकांवर पाणी व पीठ उडवीत. आपल्या गोमंतकातील ‘इंत्रुज’ हा शब्द आणि ती चाल याच मुळातून आलेली आहे, तेव्हा हा सण आपल्याला अगदीच परका नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साल्व्हादोरच्या प्रतिष्ठितांना हा धांगडधिंगा गावंढळ वाटू लागला. १८८४ च्या सुमारास युरोपच्या धर्तीवर श्रीमंतांचे क्लब निघाले. त्यांचे रूपकात्मक रथ थाटाने मिरवू लागले आणि पुढे त्या रथांच्या जोडीला सजवलेल्या मोटारींची रांग आली. वरच्या शहरातील रुआ शिली हा प्रतिष्ठितांचा रस्ता या मिरवणुकीसाठी ठरलेला. आफ्रिकी वंशाच्या लोकांनीही आपली पथके काढली होती. पण १९०५ साली पोलिसांनी त्यांच्या ढोलांवर आणि आफ्रिकी पद्धतीच्या सोंगांवर बंदी घातली. मोटारीत बसलेला मिरवणारा आणि पदपथावर उभा असलेला पाहणारा, अशी ही वाटणी होती.

ही वाटणी मान्य नसलेले लोक होतेच. १९४९ साली बंदरातील हमालांनी ‘फिल्हुस दि गांधी’, म्हणजे ‘गांधींची मुले’, या नावाचे पथक उभारले. गांधीजींच्या हत्येला तेव्हा एक वर्ष झाले होते. पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरे पागोटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा असा वेष करून हे हमाल आपल्या पूर्वजांच्या तालावर रस्त्यावर उतरले. आपल्या राष्ट्रपित्याचे नाव घेऊन पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गोदीतील मजुरांनी रस्त्यावर हक्क सांगावा, ही गोष्ट आपल्या शाळांतील इतिहासात यायला हवी होती.

दुसऱ्याच वर्षी आमची गाडी येते. तिचे कर्ते दोन मित्र. आदोल्फो नासिमेंतो ऊर्फ दोदो हा रेडिओच्या कामातला जाणकार; ओस्मार आल्व्हारेस मासेदो हा यंत्रकामातला. दोघेही तंतुवाद्य वाजवणारे. १९४२ च्या सुमारास एका पाहुण्या वादकाने त्यांच्या शहरात विजेवर चालणारी गिटार वाजवून दाखवली. आवाज मोठा येई, पण मधूनच कर्ण्यातून कर्कश शीळ उठे. याचे कारण असे की कर्ण्यातून निघालेला आवाज गिटारच्या पोकळ भोपळ्याला पुन्हा हादरवतो, त्याने तार पुन्हा कापते, तो कंप पुन्हा कर्ण्यात जातो, आणि हे चक्र थांबत नाही. दोदो-ओस्मारांनी विचार केला की भोपळाच नसेल तर हादरायचे काय? त्यांनी शिसवीच्या जातीच्या भरीव लाकडावर तारा चढवल्या आणि शीळ नाहीशी झाली. या वाद्याला त्यांनी ‘पाउ एलेत्रिको’, म्हणजे विजेचे लाकूड, असे साधेच नाव दिले. लिओ फेंडर यांची भरीव लाकडाची गिटार अमेरिकेच्या बाजारात आली ती १९५० साली. त्यापूर्वीच बाहियातील दोन कारागीर आपल्या गरजेतून त्याच उत्तरापाशी पोहोचले होते.

१९५० च्या कार्निव्हलपूर्वी उत्तरेकडील रेसिफे शहरातील ‘व्हासोरिन्यास’ हा जुना क्लब जलमार्गाने जाताना साल्व्हादोरला उतरला आणि त्याच्या पितळी वाद्यांनी रस्त्यावर ‘फ्रेव्हो’ नावाचे धावते, उसळते संगीत वाजवले. लोक वेडे होऊन मागे नाचत गेले. ते पाहून या मित्रांच्या मनात आले की पन्नास माणसांच्या बँडचे काम आपली दोन विजेची लाकडे का करणार नाहीत? ओस्मारजवळ १९२९ सालची फोर्ड होती. अशा मोडक्या गाडीला तिकडे ‘फोबिका’ म्हणतात; आपण खटारा म्हणू. तिला रंगवले, सजवले, वर दोन कर्णे बसवले आणि गाडीच्याच बॅटरीवर वाद्ये जोडली. कार्निव्हलच्या रविवारी ही गाडी चढण चढून कास्त्रो आल्व्हेस चौकात आली आणि तेथून रुआ शिलीत शिरली. गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या कवीचे नाव या चौकाला आहे, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या दुपारची एक आठवण बाहियात सर्वतोमुखी आहे. गर्दी इतकी दाटली की ओस्मारने चालकाला गाडी थांबवायला सांगितले. चालक म्हणाला, गाडी केव्हाच बंद पडली आहे; क्लच जळाला आहे; लोकच ढकलताहेत! आठवणींना इतिहासकाराने जपूनच हात लावावा, हे आम्ही जाणतो. तरी शहराने स्वतःविषयी कोणती गोष्ट जपून ठेवली, हाही एक पुरावाच असतो. आपण ती गाडी चालवली, असे साल्व्हादोरच्या सामान्य माणसाला आजही सांगावेसे वाटते. मोटारींच्या रांगेला पदपथावरून पाहणारा माणूस त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध आला होता.

१९५१ साली फोर्डच्या जागी मोठी पिकअप गाडी आली. तिच्यावर वीज निर्माण करणारे जनित्र बसले. तेमिस्तोक्लेस आरागाओ हा तिसरा वादक मिळाला आणि गाडीवर पाटी लागली : ‘त्रियो एलेत्रिको’, विजेचे त्रिकूट. १९५२ साली शहरातील एका शीतपेयाच्या कंपनीने ट्रक दिला. तेव्हापासून वाद्य, दिवे आणि जाहिरात ही तिन्ही एकाच चाकांवर फिरू लागली. गंमत अशी की तिघा माणसांचे नाव हळूहळू वाहनाला चिकटले. वर कितीही वादक असोत, सजवलेल्या ट्रकला ‘त्रियो’च म्हणायचे, असा प्रघात पडला. दुसरे कारागीरही पुढे आले. त्यांतील ओर्लांदो तापाजोस यांची कल्पकता विलक्षण होती. गायक काएतानो व्हेलोजो यांना लष्करी राजवटीत देश सोडून लंडनला राहावे लागले होते. या ट्रकांवर त्यांनी रचलेले गाणे १९६९ साली देशभर गाजले होते. १९७२ साली ते परतले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ तापाजोस यांनी एका ट्रकला अवकाशयानाचे रूप दिले आणि त्याचे नाव ‘काएतानावे’ ठेवले. पत्रा, लाकूड आणि दिवे यांनी मालवाहू ट्रकचे यान झाले. आणि हद्दपारीतून आलेल्या माणसाचे स्वागत भाषणाने न होता कार्निव्हलच्या गर्दीत झाले.

आता दोराकडे येऊ. १९८० च्या दशकात मध्यमवर्गीय तरुणांची मंडळे आपापले ट्रक ठरवू लागली. ट्रक, ध्वनियंत्रणा, नामांकित गायक यांचा खर्च मोठा. तो सभासदांच्या वर्गणीतून निघे. वर्गणी देणाऱ्याला ठराविक वेष मिळे. आधी तो ‘मोर्ताल्या’ नावाचा कफनीसारखा झगा होता, १९९० च्या दशकात ‘आबादा’ नावाचा सदरा झाला. वेष असेल तो ट्रकभोवतीच्या दोराच्या आत, नसेल तो बाहेर. बाहेरच्या उसळत्या गर्दीला ‘पिपोका’, म्हणजे लाह्या, असे नाव पडले. दोर धरायला रोजंदारीची माणसे आली, बहुतेक काळी आणि गरीब. त्यांना ‘कोर्देइरो’ म्हणतात. या शब्दाचा पोर्तुगीज भाषेत दुसरा अर्थ कोकरू असा आहे. उत्सवभर दोर ताणून चालायचे, आणि आपल्याच वस्तीतील माणसांना आत येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. मजुरी, हातमोजे, कानांचे संरक्षण यांसाठी त्यांना संघटना करावी लागली.

येथे न्याय करताना घाई करू नये. खर्च कोणीतरी सोसायचाच असतो, आणि १९५२ चा ट्रकही जाहिरातीवरच चालला होता. गर्दीत इजा होऊ नये म्हणून थोडी मोकळी जागा राखणे गैर नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाभोवती कार्यकर्ते दोर धरतातच. भेद इतकाच की तो दोर वाजवणाऱ्याला हात मोकळा मिळावा म्हणून असतो. आतील जागा विकली जात नाही. साल्व्हादोरला जागाच विकली गेली. जी वाटणी मोडत फोबिका रुआ शिलीत शिरली, तीच वाटणी फोबिकेच्या वंशजांभोवती पुन्हा उभी राहिली.

पण हा शेवट नव्हे. ओस्मारचे पुत्र आर्मांदिन्यो आणि त्यांचे सहकारी लोकांच्या गर्दीसाठी वाजवीत आले. अलीकडच्या वर्षांत सार्वजनिक खर्चाने दोराविना फिरणारे ट्रक वाढले आहेत, आणि काही नामवंत गायकांनीही दोर सोडला आहे. दोदो १९७८ साली गेले, ओस्मार १९९७ साली. शहरातील कार्निव्हलच्या दोन मुख्य मार्गांना आज या दोघांची नावे आहेत.

गोव्यातही १९६५ पासून कार्निव्हलच्या चित्ररथांची मिरवणूक पणजीत निघते, आणि आपल्याकडे गणपतीसाठी दरवर्षी किती ट्रकांचे रथ होतात ते आपण पाहतोच. सजावट पाहताना आपण उंची, दिवे आणि खर्च यांचीच चर्चा करतो. साल्व्हादोरची कथा आपल्याला आणखी एक प्रश्न विचारायला शिकवते : हे वाहन बंद पडले, तर त्याला हात लावण्याइतके लोक जवळ आहेत काय? १९५० च्या त्या रविवारी क्लच जळाला नसता, तर एका हौशी जोडीची सजवलेली मोटार एवढीच ती गोष्ट उरली असती.