भीमेकाठची घोडी

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या पोराला घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. बँड वाजत असतो, नवरदेव बाशिंग सावरीत बसलेला असतो आणि त्याच्या मांडीखालचे जनावर माना हलवीत मुकाट चाललेले असते. पोरे ‘घोडा, घोडा’ म्हणून ओरडतात. ती असते घोडी. हा मुलूख धानाचा, बांध्यांचा आणि तळ्यांचा. इथे चिखलणीला बैल हवा आणि हल्या हवा. दिवाळी सरली की मंडया भरतात, पुढे शंकरपट सुरू होतात. पटाच्या जोडीचे वाण, तिची आई आणि तिचा बाप यांची चर्चा आमच्याकडे पारावर रात्ररात्र चालते. पण घोड्याचे वाण? त्याबद्दल झाडीपट्टीतल्या म्हाताऱ्यालाही फारसे सांगता येणार नाही.

तरीही घोड्यांच्या टापांशी या मातीचा संबंध नाही असे कसे म्हणावे? नागपूरकर भोसल्यांची पूर्वेची वाट याच मुलुखातून होती. नागपूरहून रायपूरकडे जाणारा रस्ता आजही आमच्या देवरीवरून जातो. 1741 च्या सुमारास भास्करराम कोल्हटकराने छत्तीसगडातले रतनपूर घेतले आणि 1742 मध्ये रघूजी भोसल्याची फौज थेट बंगाल्यात उतरली. 1744 मध्ये नवाब अलिवर्दीखानाने तहाच्या बोलण्याला बोलावून भास्कररामाला दगा देऊन मारले. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर 1751 च्या तहाने ओरिसाचा वसूल आणि सालीना बारा लाखांची चौथाई भोसल्यांच्या पदरात पडली. इकडे पोवारांनी कटकेच्या मोहिमेत मराठ्यांना साह्य केले आणि त्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या. तिकडे बंगाली आयांनी पोरांना निजवताना ज्या ‘बर्गी’ची भीती घातली, तो आपला बारगीरच होय. आपल्या एका शब्दाने परक्याची पोरे भिऊन निजावीत यात अभिमान मानावा असे काही नाही. पण तो शब्द इतक्या दूर गेला तो घोड्याच्या पाठीवरून, एवढे खरे.

बारगीर आणि शिलेदार यांतला भेद शाळेत आपण सगळेच शिकलो. बारगिराला घोडे सरकारचे. शिवाजीमहाराजांच्या पागेची व्यवस्था सभासदाने लिहून ठेवली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शिलेदाराचे तसे नव्हते. घोडे त्याचे स्वतःचे, हत्यार त्याचे स्वतःचे. घोडे पडले की शिलेदारी गेली. मग दुसऱ्याच्या घोड्यावर बसणे नशिबी आले. कुणब्याला जशी जमीन, तशी शिलेदाराला घोडी.

मी घोडा न म्हणता घोडी म्हणतो याला कारण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या लष्कराची माहिती लिहिणाऱ्या एका युरोपीय लष्करी गृहस्थाने नमूद केले आहे, की सर्वांत नावाजलेले घोडे भीमेच्या काठचे. बांधा मध्यम, अंग बळकट, रंग बहुधा गडद कुमैत आणि पाय काळे. त्यांना भीमथडी म्हणत. मोहिमेत अशा जनावराला पाच हजार रुपयांपर्यंत किंमत येई, आणि त्यांतही घोड्यापेक्षा घोडीचे मोल अधिक.

घोडीचे मोल अधिक का? युद्धात घोडी पडली तर फक्त वाहन जात नाही, वंश जातो. अरबस्तानातले बदाऊनही आपल्या घोड्यांचे कूळ आईकडून मोजतात. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ हे जे म्हणतात ते घोडीवाल्यांनी फार पूर्वी ओळखले होते. बापाचा आणि आईचा वाटा रक्तात सारखाच, हे आजचे शास्त्र सांगते. पण गर्भाचे पोषण, दूध आणि पहिले सहा महिने पाठीमागे फिरून शिकलेले धीटपण, हे सारे आईचे.

आता भीमाकाठच्या एखाद्या शिलेदाराच्या दारात उभे राहून पाहू. त्याच्याकडे एक उमदी घोडी आहे. ती माजावर आली, तर तिला नामांकित वळू घोडा दाखवावा की नाही? ऐकायला प्रश्न साधा. पण हिशेब मांडला म्हणजे त्यातली जोखीम कळते. घोडीचा गर्भ अकरा महिन्यांचा, म्हणजे सुमारे 340 दिवसांचा. फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. तेव्हा घोडी फळवायची ती आषाढ-श्रावणात, फौज घरी असताना. दसऱ्याला तिला तीन महिने होतात. ती मोहिमेवर जाऊ शकते. पण माघ-फाल्गुनात पोट जड झाले की तिच्यावर स्वार बसवून दौड मारता येत नाही. म्हणजे मोहिमेचा शेवटचा, लुटीचा आणि वसुलीचा हंगाम हुकला. ज्येष्ठ-आषाढात ती व्यायली, तर पुढच्या दसऱ्याला शिंगरू चार महिन्यांचे. ते अजून अंगावर पिते. आणि ते शिंगरू लढाईच्या कामाचे व्हायला आणखी चार वर्षे. एका शिंगरासाठी माणसाने पाच वर्षे पुढे पाहायचे आणि दोन मोहिमांच्या कमाईवर पाणी सोडायचे! मधल्या काळात सावकार थांबत नाही. घोडी विताना दगावली तर सगळेच बुडाले.

म्हणून वळू घोडा निवडताना डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे. कोणी भोवरे पाहत. गळ्याखाली देवमण असला की आनंद, डोळ्यांखाली अश्रुढाळ असला की नकार. कोणाला पंचकल्याणी हवा असे. पण जाणता स्वार याहून निराळी गोष्ट पाही. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या जुन्या कोड्याचे उत्तर लहानपणी आपण सगळ्यांनी दिले आहे: न फिरवल्यामुळे. मराठी घोड्याची सारी कीर्ती या फिरवण्यात होती. सरळ धावण्यात त्याला मागे टाकणारे मोठे इराणी आणि तुर्की घोडे मोगलांकडे पुष्कळ होते. पण एका हातात भाला, दुसऱ्या हातात सैल लगाम, आणि स्वाराच्या मांडीच्या इशाऱ्यासरशी भरधाव घोडा मागल्या पायांवर बसून थांबावा, जागच्या जागी गिरकी घ्यावी आणि आला त्याच वाटेने उधळावा, हे काम हलक्या, चपळ आणि समजूतदार जनावराचे. गनिमी काव्याची अर्धी विद्या घोड्याच्या त्या वळणात होती. हे वळण चाबूकस्वार शिकवतो खरे. पण शिकण्याची बुद्धी आणि मागल्या पायांतले बळ रक्तातूनच यावे लागते.

हे रक्त आले कोठून? दख्खनची मूळची तट्टे लहान, काटक आणि कोरड्या चाऱ्यावर जगणारी. चौल, दाभोळ, गोवे या बंदरांत अरबी घोड्यांची गलबते शतकानुशतके लागत होती. बहामनी सुलतान आणि विजयनगरचे राय त्यांच्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतीत. 1510 मध्ये गोवे घेतल्यावर पोर्तुगिजांनी या व्यापाराची नाडी आपल्या हाती धरली. त्या परदेशी वळू घोड्यांचे रक्त इथल्या काटक घोड्यांत मिसळले, आणि भीमा-नीरेच्या कोरड्या माळावर त्यातून भीमथडी घडली. आमच्या वैनगंगेकाठी ती घडली नाही याचे कारणही हेच. आमच्याकडे ओल फार. घोड्याच्या खुराला कोरडी, खडकाळ जमीन मानवते.

गंमत अशी, की त्याच सुमारास तसलेच रक्त पश्चिमेकडेही निघाले होते. 1519 मध्ये कोर्तेझ मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडी होती. त्यांतली एक घोडी जहाजावरच व्यायली. स्पॅनिश घोड्यांत उत्तर आफ्रिकेकडचे रक्त होते. त्यांच्या वंशजांवर बसून पुढे मेक्सिकोतल्या आणि अमेरिकेतल्या गुराख्यांनी गुरे वळवली. आणि सैल लगामावर थांबण्या-वळण्याची तीच विद्या आज तिथे ‘रेनिंग’ या नावाने खेळली जाते. 1966 मध्ये त्या खेळाची राष्ट्रीय संघटना निघाली. विजेत्या वळू घोड्याकडे आपली आवडती घोडी नेण्यासाठी तिथला मालक आज मोठी रक्कम मोजतो आणि अकरा महिने वाट पाहतो. आमच्या शिलेदाराला ती काळजी सांगावी लागली नसती.

मग भीमथडीचे झाले काय? नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीवर भोसल्यांचा पराभव झाला, 1818 मध्ये पेशवाई बुडाली. काही शिलेदार इंग्रजांच्या रिसाल्यांत गेले. ‘सिलादार’ हा शब्द हिंदी फौजेत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. इंग्रजांनी शिरूरजवळ आलेगावला पैदास करून पाहिली, दख्खनमध्ये सरकारी वळू घोडे ठेवले. पण पाच वर्षे पुढे पाहणारा शिलेदारच उरला नव्हता. सरकारला घोडा हवा होता. घोडीवर ज्याचे घर चालते असा माणूस सरकारला कोठून निर्माण करता यावा? इतिहासाच्या पुस्तकांत तहांची कलमे सापडतात, किल्ल्यांची यादी सापडते. घरोघरच्या या घोड्या कधी विकल्या गेल्या आणि कधी टांग्याला जुंपल्या गेल्या, याचा मात्र कोणी बखरकार झाला नाही.

तरी वंश बुडाला नाही. तो सांभाळला धनगरांनी. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतले मेंढपाळ पावसाळा सरला की बिऱ्हाड घेऊन कोकणच्या वाटेला लागतात. त्यांच्या घोडीच्या पाठीवर पालाचे कापड, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि वर एखादे पोर असते. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेने आता भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ज्यांनी ती राखली त्यांना नोंदीची गरज नव्हती. घोडी नसली तर बिऱ्हाड हलत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. शिलेदारालाही तेवढेच ठाऊक होते.

या दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होईल. वरात दारावरून गेली आणि पोरे ‘घोडा, घोडा’ म्हणून ओरडली, तर त्यांना जवळ बोलावून सांगा: बाळांनो, ती घोडी आहे. आणि एके काळी तिच्या पोटात काय वाढते आहे याची वाट पाहत एक अख्खे घर पाच पाच वर्षे थांबत असे.