भांडारकर आणि संमतिवयाचा वाद

मालवण येथे १८३७ साली जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृतचे प्रकांड पंडित म्हणून सर्वांस परिचित आहेत. व्याकरणात आणि शिलालेखांत रमणाऱ्या या विद्वानास १८९१ साली एका फौजदारी कायद्याच्या वादात उतरावे लागले, हे मात्र थोड्यांच्याच स्मरणात असेल.

वादास निमित्त झाले ते कलकत्त्याचे. १८९० साली फुलमणी नावाची सुमारे अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मृत्यू पावली. पती हरिमोहन मैती याजवर खटला झाला. परंतु १८६० च्या दंडसंहितेने पत्नीस दहा वर्षे पूर्ण झाली की पतीचे कृत्य बलात्काराच्या व्याख्येतून वगळले होते. जिवास धोका होईल अशा कृत्याने जबर दुखापत केल्याचाच गुन्हा त्याजवर शाबीत झाला, आणि शिक्षा मिळाली एक वर्षाची सक्तमजुरी. पोर मेली, करणारा समोर उभा होता. तरी त्या कृत्यास त्याचे खरे नाव देण्याची न्यायालयास मुभा नव्हती.

दहाची मर्यादा बारावर नेणारे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले, आणि पुण्यात मोठेच वादळ उठले. परक्या सरकारने धर्माचारात हात घालू नये, हा टिळकांचा आक्षेप निव्वळ जुन्याच्या अभिमानातून आलेला नव्हता. पण विरोधकांची मुख्य भिस्त गर्भाधानावर होती : प्रथम ऋतुदर्शनानंतर तो संस्कार झालाच पाहिजे, आणि कायद्याने तो अडविल्यास पाप घडते.

भांडारकरांनी उत्तर दिले ते शास्त्राच्याच भाषेत. गृह्यसूत्रांत विवाहानंतर तीन रात्री ब्रह्मचर्य पाळून चौथ्या रात्री चतुर्थीकर्म सांगितले आहे. तेव्हा त्या काळी वधू प्रौढच असली पाहिजे. गर्भाधान लांबणीवर टाकल्याने धर्म बुडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. या पंडिती वादाचे मर्म मोठे व्यावहारिक होते. धर्माची आज्ञाच नसेल, तर पुरुष जे करतो ते स्वतःच्या इच्छेने करतो, आणि त्याचा जाबही त्यानेच द्यावयाचा.

विधेयक १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाले. पुढे पत्नीच्या वयाची मर्यादा १९२५ साली तेरा व १९४९ साली पंधरा झाली. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले, तरी पत्नीपुरता पंधराचा अपवाद उरलाच होता. सर्वोच्च न्यायालयाने तीही मर्यादा ११ ऑक्टोबर २०१७ रोजी अठरावर नेली.

आता धर्माज्ञेऐवजी विकाराचे निमित्त पुढे केले जाते. बालकांविषयीचे लैंगिक आकर्षण हा मानसोपचारशास्त्राने नोंदलेला विकार आहे खरा. परंतु अत्याचार करणाऱ्या सर्वांस तो असतो असे नाही, आणि तो असलेला प्रत्येकजण अत्याचार करतोच असेही नाही. अपराधी बहुधा मुलाच्या ओळखीचा, घरात विश्वासाने वावरणारा असतो. ‘कोणास सांगू नकोस’ असे तो मुलास बजावतो, यावरूनच आपण काय करीत आहो हे त्यास पुरते ठाऊक असते, हे दिसते. जुन्या दंडसंहितेचे चौऱ्याऐंशीवे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेचे बाविसावे, एवढेच विचारते : कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदेशीर आहे, हे जाणण्याची शक्तीच त्या वेळी नव्हती काय? वासना अनावर झाली, हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

शिवाय २०१२ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम भोवतालच्यांसही मोकळे सोडीत नाही. असा अपराध ज्यास ठाऊक झाला त्याने तो पोलिसांस कळविलाच पाहिजे, मग अपराधी आपल्याच घरचा का असेना.