झडती व जप्ती : घटनात्मक संरक्षण

सबळ कारण व कायदेशीर अधिकार नसताना शासनाने नागरिकाचे घर, अंग, कागदपत्रे किंवा सामान धुंडाळू नये व ताब्यात घेऊ नये, यासाठी असलेले संरक्षण. इंग्लंडमध्ये एंटिक विरुद्ध कॅरिंग्टन (1765) या निकालाने ते दृढ झाले. अमेरिकेत 1791 च्या चौथ्या घटनादुरुस्तीने ते संविधानातच आले. भारतीय संविधानात असे स्वतंत्र कलम नाही. येथील संरक्षण अनुच्छेद 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) च्या न्यायालयीन अर्थावर आणि त्याहून अधिक फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यावर उभे आहे.

ब्रिटिश काळ : 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत झडतीचे नियम होते, पण राजद्रोहाच्या प्रकरणांत त्यांचा आधार फार पुरत नसे. लोकमान्य टिळकांच्या 1908 च्या खटल्यात पुण्यातील झडतीत मिळालेले एक पोस्टकार्ड सरकार पक्षाने पुराव्यात दाखल केले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटक द्रव्यांच्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती माहिती हवी होती, असा टिळकांचा खुलासा होता.

संविधान सभा : डॉ. आंबेडकरांच्या 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात अवाजवी झडतीविरुद्धचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. मूलभूत हक्क उपसमितीत मात्र संविधान सल्लागार बी. एन. राव व सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी अशा तरतुदीस विरोध केला. पोलिसांना तातडीने करावा लागणारा तपास अडेल, ही त्यामागची भीती. तरतूद गळाली.

3 डिसेंबर 1948 रोजी हा विषय पुन्हा सभेपुढे आला. आणणारे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. मसुद्याच्या अनुच्छेद 14 मध्ये (आजचा अनुच्छेद 20) त्यांनी चौथे उपकलम सुचवले : घर, अंग, कागद व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये आणि संयुक्तिक कारणाशिवाय वॉरंट निघू नये. आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. प्रक्रिया संहितेत हे सगळे आहेच. पण उद्याचे विधिमंडळ ते काढून टाकू शकेल, म्हणून संविधानात असलेले बरे, अशी त्यांची भूमिका होती. दुरुस्ती तरीही फेटाळली गेली. मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर अनुकूल असताना ती पडावी, हे या चर्चेतले विशेष. वऱ्हाडच्या इतिहासलेखनात करीमुद्दीन यांना या कामगिरीच्या मानाने फारच थोडी जागा मिळाली आहे.

न्यायनिर्णय : एम. पी. शर्मा विरुद्ध सतीशचंद्र (1954) या दालमिया समूहातील कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने घटनाकारांच्या याच मौनावर बोट ठेवले. अमेरिकेसारखा हक्क त्यांनी दिला नाही, तर तो ओढूनताणून वाचता येणार नाही, असा निर्णय झाला. खडकसिंग (1962) प्रकरणात पोलिसांनी पाळतीसाठी रात्री घरी येऊन धडकण्याची उत्तर प्रदेशातील तरतूद मात्र रद्द झाली. पुट्टस्वामी निकालाने (24 ऑगस्ट 2017) खासगीपणा मूलभूत हक्क ठरला व शर्मा निकालातील त्याविरुद्धचे मत मोडीत निघाले.

बेकायदा झडतीत मिळालेल्या पुराव्याचे काय, हा प्रश्न वेगळा. पूरनमल (1973) प्रकरणानुसार असा पुरावा केवळ तेवढ्याने बाद होत नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नटवरलाल सोनी (1979) या मुंबईतील सोन्याच्या प्रकरणात हीच दिशा कायम राहिली. संरक्षणाची खरी गळती येथे आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकाल वेगळ्या वाटेचे : 2016 मध्ये परराज्यात कापलेल्या जनावराचे गोमांस घरी बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम खासगीपणाच्या आधारे रद्द झाले, आणि विनीतकुमार (2019) प्रकरणात बेकायदा दूरध्वनी टॅपिंगचे आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले गेले.

प्रक्रिया : 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. वॉरंटाशिवाय झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला कारणे आधी लेखी नोंदवावी लागतात (कलम 185) आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांत दंडाधिकाऱ्याकडे पोचवावी लागते.  परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित पंच हवेत (कलम 103). घरमालकाला हजर राहू द्यावे, यादीची प्रत द्यावी. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेने घ्यावी. झडतीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे (कलम 105).

प्रत्यक्षात सगळा भार पंचनाम्यावर असतो. रीत अशी : ठाणेदाराचा माणूस चौकातून दोघांना बोलावून आणतो, पथक आधी आपलीच अंगझडती पंचांना देते, मग आत शिरते. सापडलेली वस्तू पाकिटात घालून लाखेची मोहोर लावतात व पंचांच्या सह्यांचे कागदी लेबल चिकटवतात. सुरू झाल्याची व संपल्याची वेळ लिहितात. खटला उभा राहीपर्यंत वर्षे जातात. ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ असे पंचाने सांगितले, की तो फितूर घोषित होतो. गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचारी पंच घेण्याची पद्धत यामुळेच वाढली. ते परिसरातले ‘प्रतिष्ठित’ ठरतात का, यावर वकिलांचे दुमत आहे.

वऱ्हाडातील व्यवहार : अमरावती-अकोला भागात सामान्य शेतकऱ्याचा झडतीशी संबंध येतो तो बहुधा दोन कारणांनी. सावकारी नियमन अधिनियमाखाली (2014) सहकार खात्याची पथके सावकाराच्या घरून कोरे मुद्रांक, सही केलेले धनादेश व शेतीची खरेदीखते जप्त करतात. येथे झडती कर्जदाराच्या बाजूने असते. दुसरे कारण बियाण्यांचे. मृगाच्या तोंडावर विनापरवाना तणनाशकसहनशील कपाशीच्या पाकिटांसाठी छापे पडतात. बियाणे अधिनियम, 1966 च्या कलम 14 नुसार निरीक्षकाला प्रवेश व झडतीचा अधिकार आहे, पण त्यालाही प्रक्रिया संहितेचे नियम लागू होतात. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. पेरणी जाहीर असल्याने झडतीचा प्रश्नच उरला नाही. गुन्हे मात्र दाखल झाले.

पारधी बेड्यांवरील झडत्या : पारधी समाजाच्या वस्त्यांवरील (बेड्यांवरील) झडत्या हा 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वारसा आहे. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला.

मोबाईल व संगणक : उपकरण उघडून देण्याची सक्ती अनुच्छेद 20(3) शी (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही) कितपत जुळते, यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत.