पोळ्या मोजल्या, बाकीचं कोण मोजणार? जेवणाचं प्रमाण आणि प्रौढांचं वजन

"डॉक्टर, मी दोनच पोळ्या खातो. भात तर कधीचाच सोडला. तरी वजन वाढतंय." वजनाची तक्रार घेऊन येणारे बरेच रुग्ण असं सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. पोळ्या खरंच दोन असतात. पण पोळीचा आकार, तिच्यावरचं तूप, भाजीवरची तर्री, चार वेळचा चहा आणि संध्याकाळचा मूठभर चिवडा यांची मोजदाद झालेली नसते. वजन बहुतेकदा या न मोजलेल्या खाण्यातून वाढतं.

आपलं वजन जास्त आहे का?

भारतीयांमध्ये कमी वजनालाही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून आपल्यासाठी मर्यादा कडक आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर साधारण ६३ किलोपासून वजन जादा आणि ६८ किलोपासून लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त आढळला.

जास्त वाढलं की जास्त का खाल्लं जातं?

पोट भरल्याची जाणीव मेंदूला थोडी उशिरा होते. तोवर आपण ताटात जे आहे ते संपवत असतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याच माणसांना एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंत वाढला गेला. सर्वांत मोठ्या वाढपाच्या दिवशी लोकांनी सर्वांत लहान वाढपापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा घेतली. वाढप बदलतंय हे निम्म्याहून अधिक जणांच्या लक्षातही आलं नाही.

म्हणजे यात प्रश्न फक्त मनाच्या ताब्याचा नाही. आपल्या घरांत किती खायचं हे बऱ्याचदा वाढणारा हात ठरवतो. "अजून एक घे, नाहीतर उरेल" या वाक्यात माया असते, कॅलरीही असतात. आणि शेवटी उरलेलं संपवायचं काम बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे येतं. ते तिच्या जेवणात कुणीच धरत नाही.

न मोजलेलं खाणं किती असतं?

घरगुती मापांनी काढलेले हे अंदाजे आकडे:

- ३० ग्रॅम कणकेची एक पोळी: १०० कॅलरी. वरून चमचाभर तूप घेतलं तर आणखी ४५. मोठी, जाड पोळी ५० ग्रॅमचीही असते, म्हणजे अशा दोन पोळ्या लहान तीनपेक्षा जास्त भरतात.
- ज्वारीची एक भाकर (६० ते ८० ग्रॅम पीठ): २०० ते २७०. भाकर चांगलीच, पण "भाकर हलकी" म्हणून कितीही खाऊन चालत नाही.
- एक मोठा चमचा तेल (१५ मिली): सुमारे १२५. तर्रीवर तरंगतं ते हेच तेल.
- दोन चमचे साखर घातलेला, दुधाचा एक कप चहा: ७० ते ८०. दिवसाला चार कप झाले की जवळपास ३००, म्हणजे तीन पोळ्यांइतक्या.
- मूठभर (३० ग्रॅम) फरसाण किंवा तळलेला चिवडा: सुमारे १५०.
- मूठभर शेंगदाणे: सुमारे १७०. पौष्टिक आहेत, पण टीव्हीसमोर मूठ एकच राहत नाही.

फळांचंही तसंच. एक संत्रं खाल्लं तर पोटाला चोथा मिळतो आणि एकावर थांबता येतं. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो.

"थोडंसंच तर जास्त आहे"

गरजेपेक्षा रोज १०० कॅलरी जास्त गेल्या तर पहिल्या वर्षात वजन साधारण दोन किलोंनी वाढतं. तीनेक वर्षांत ही वाढ चार किलोंच्या आसपास पोहोचते आणि मग स्थिरावते, कारण वाढलेल्या शरीराला ऊर्जाही जास्त लागते. उलट दिशेलाही हाच हिशोब लागू आहे. रोजच्या १०० कॅलरी कायमच्या कमी केल्या तर वजन सावकाश उतरतं आणि पुढे एका ठिकाणी थांबतं. ते थांबलं म्हणजे उपाय फसला असं नाही. वजन जास्त असलेल्यांनी पाच ते दहा टक्के जरी कमी केलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारू शकतात. ८० किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो झाले.

ताटात किती असावं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना दिल्या. दिवसाला २००० कॅलरींच्या आहारासाठी त्यातलं प्रमाण साधारण असं आहे (धान्य आणि डाळींचं वजन कच्चं धरलं आहे):

- धान्य: २५० ग्रॅम. उदाहरणार्थ पाच लहान पोळ्या, एक वाटी भात आणि ६० ग्रॅम पोहे
- डाळी, अंडी, मांस-मासे: मिळून ८५ ग्रॅम
- भाज्या: ४०० ग्रॅम, फळं: १०० ग्रॅम
- दूध-दही: ३०० मिली
- दाणे आणि तेलबिया: ३५ ग्रॅम
- तेल-तूप: २७ ग्रॅम

बैठं काम करणाऱ्या स्त्रीची गरज याहून कमी, सुमारे १६६० कॅलरी असते. आपल्याकडे गडबड होते ती धान्याच्या आणि भाजीच्या प्रमाणात. ताटात पोळी-भात भरपूर, भाजी तोंडी लावण्यापुरती आणि वरण पातळ. भाजी-फळांनी अर्धं ताट भरलं की धान्य आपोआप आटोक्यात येतं आणि भूकही भागते.

दिवसातून दोनदाच जेवलं तर?

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली ही पद्धत अनेकजण पाळतात: कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत. ज्यांचं वजन यामुळे उतरतं त्यांचा मधल्या वेळचा गोड चहा, फरसाण आणि बिस्किटं बंद झालेली असतात, हे त्यामागचं मोठं कारण. पण दोन जेवणांतच चार जेवणांचं अन्न गेलं तर वजन हलत नाही. किती वेळा खाता याबरोबर किती खाता, हेही बघावं लागतं.

घरात काय बदलता येईल?

१. एक आठवडा घरातली वाटी आणि चमचा मापून बघा. कुणाच्या घरी वाटी १०० मिलीची असते, कुणाच्या घरी २५०ची.
२. तेलाचा हिशोब महिन्याने करा. चार प्रौढांच्या घरात तेल-तूप मिळून साडेतीन लिटरच्या आसपास पुरायला हवं.
३. ताट एकदाच वाढून घ्या. पुन्हा घ्यायचं असेल तर दहा मिनिटं थांबा आणि आधी भाजी किंवा कोशिंबीर घ्या.
४. चिवडा डब्यातून खाऊ नका. लहान वाटीत काढा आणि डबा बंद करा.
५. तर्री-पोहे किंवा सावजी वर्ज्य नाही. वरचं तेल बाजूला काढायला सांगा, रस्सा वाटीभरच घ्या, आणि त्या दिवशी दुसरं जेवण साधं ठेवा.
६. पंगतीत आणि सणाच्या जेवणात पहिलं वाढप कमी घ्या. म्हणजे आग्रहाला जागा राहते.
७. उरेल इतकं शिजवू नका. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवा.

आधी डॉक्टरांना विचारा

- मधुमेहासाठी इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर जेवण कमी केल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषधाचा डोस आधी बदलून घ्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच साखर घ्या.
- गरोदर व स्तनदा माता, क्षयरोगाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि अशक्त ज्येष्ठांनी स्वतःहून जेवण कमी करू नये.
- खाणं तेवढंच असून वजन भराभर वाढत असेल तर थायरॉइड, स्टेरॉइड किंवा इतर औषधांचा परिणाम तपासावा लागतो. पायांवर सूज किंवा धाप असेल तर थांबू नका.
- प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर खूश न होता तपासणी करून घ्या.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवसांचं खाणं एका कागदावर लिहून न्या. त्यातला एक दिवस रविवारचा असू द्या. चहा, चव बघताना घेतलेले घास आणि उरलेलं संपवलेलंही लिहा. त्या कागदावरून तुम्हाला नेमकं काय कमी करायचं, हे ठरवणं सोपं जातं.