बंद बारांचं चंद्रपूर

आमच्या चंद्रपुरात जुन्या बारांचा विषय निघाला की लोक एकच तारीख सांगतात. १ एप्रिल २०१५. त्या दिवशी सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बार, बिअर शॉपी, देशीचं दुकान, सगळं बंद.

बोर्ड मात्र बरेच दिवस तसेच होते. त्यावरची ‘परमिट रूम’ ही अक्षरं उन्हापावसात पुसट होत गेली. हा शब्द कुठून आला? राज्यातला मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा. त्यानुसार प्यायलाही परवाना लागतो. म्हणजे आपल्याकडचा बार बंदीच्याच पोटी जन्मला.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. मधे आम्ही ओले. इथली मागणी पुढे आणली ती बायकांनी. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामींसोबत त्या चिमूरहून नागपूरला, विधानसभेच्या अधिवेशनावर पायी गेल्या. बंदी यायला पुढं चार वर्षांच्या वर लागली.

बंदीनंतर मी काय लिहिलं? आमच्या नेहमीच्या टेबलावर चकणा आणून देणारा वेटर बेकार झाला, ते लिहिलं. महसूल बुडाला, ते लिहिलं. वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, तिथं दारू चालू, तिथून पेट्या कशा येतात, तेही लिहिलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण सगळं बारच्या आत बसून पाहिलेलं होतं.

२७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं बंदी उठवली. अवैध दारू आणि वाढलेले गुन्हे, ही कारणं दिली. परवान्यांच्या फायली हलल्या, शटर वर गेली. काही बार उघडलेच नाहीत. एकाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. त्यावरही मी हळहळून चार ओळी लिहिल्या.

त्या वाचून मोर्च्यात चाललेली एक बाई भेटल्यावर म्हणाली, “दादा, बार बंद झाला तवा तुमी वेटरले इचारलं. चालू झाला तवा मालकाले इचारलं. आमाले कोनी इचारलं का?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

बंदी फसली असेल, त्यावर वाद घालू. पण त्या सहा वर्षांत किती घरांत पगार पूर्ण आला, किती बायकांचा मार थांबला, किती ठिकाणी काहीच बदललं नाही, हे गल्लीत जाऊन मी विचारलं नाही. बाटली आडवी करायचं मतदान कायद्यात आजही आहे. उद्या एखाद्या वॉर्डातल्या बायांनी ते मागितलं, तर निदान तेव्हा तरी आपण पत्रकारांनी आधी त्यांच्या दारात जावं. बारमालक कुठं जातो? तो भेटतोच.