काचेच्या मागची बाजू

परवा जुन्या फोटोंचं फोल्डर आवरताना तारापोरवाला मत्स्यालयाचे फोटो सापडले. २०१८ च्या हिवाळ्यात आम्ही नागपूरचे दहा-बारा मासेवेडे विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो होतो. अंबाझरी नि फुटाळ्यावर समुद्राची हौस भागवणारी मंडळी आम्ही! ओळखीतून परवानगी मिळाली होती, टाक्यांची मागची बाजू बघायची.

मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ सालचं. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. बांधायला आठ लाख रुपये लागले. त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले, म्हणून त्यांचं नाव. २०१५ साली ते नव्याने सजलं, बारा फुटी पारदर्शक बोगदा आला.

समोरून सगळं निळं, शांत. मागे मात्र ओल्या फरशा, पाइप, बादल्या, जाळ्या आणि पंपांची घरघर. तिथे काम करणाऱ्या एका काकांना मी विचारलं, "काका, एवढे मासे सांभाळणं कठीणच ना?"

ते म्हणाले, "मासे कुठे सांभाळतो? आम्ही पाणी सांभाळतो. मासे आपले आपण राहतात."

मी गप्पच झालो. माझी पहिली टाकी आठवली. एका रविवारी उत्साहाने सगळं पाणी उपसलं, खडे घासून चकाचक केले, नळाचं ताजं पाणी भरलं. तीन दिवसांत पाचही गोल्डफिश गेले. मुलगी माझ्याशी बोलेना. नळाच्या पाण्यात क्लोरीन होतं; आणि माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाची विल्हेवाट लावणारे खड्यांवरचे जीवाणू मीच धुऊन टाकले होते. हे फार उशिरा कळलं.

तसा या छंदाचा इतिहासही पाण्याचाच आहे. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. पानं कुजून पाणी बिघडायला लागलं. मग त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्या कुजकी पानं खाऊ लागल्या आणि पाणी निवळलं. हा प्रयोग त्यांनी १८५० साली जगापुढे मांडला. तीनच वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. गोगलगायीचं नाव मात्र कुठल्या पाटीवर नाही!

२०२० च्या टाळेबंदीत तारापोरवालाची दारं बंद झाली, ती पुढची काही वर्षं उघडलीच नाहीत. बातमी वाचली तेव्हा मला आधी ते काका आठवले. बघायला कुणी नसलं म्हणून पंप थोडाच थांबवता येतो?

असो. आता मी एका वेळी टाकीतलं पाव भागच पाणी बदलतो, तेही आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं. मुलगी रात्री बादलीत डोकावते नि विचारते, "बाबा, तुमचं पाणी झोपलं का?"