मालगाडीच्या नोंदवहीतला इतिहास

रेल्वेच्या इतिहासावरची इंग्रजी पुस्तके चाळली तर त्यांत 'भोर घाट' हे नाव वारंवार भेटते. पुणे जिल्ह्यातल्या भोरच्या विद्यार्थ्याला ते वाचून आनंद होईल, पण तो फार वेळ टिकणार नाही. या पुस्तकांतला घाट म्हणजे कर्जत आणि खंडाळा यांच्या मधला आपला बोरघाट. १८६३ मध्ये त्यातून रेल्वे धावू लागली. भोर गाव तिथून पुष्कळ दक्षिणेला आहे. भोर तालुक्यात आणि शेजारच्या, राजगड-तोरण्याच्या वेल्हे परिसरात आजही रेल्वेचे एकही स्थानक नाही.

मग अशा ठिकाणच्या शिक्षकाने रेल्वेचा इतिहास वर्गात का घ्यावा? आम्ही एक साधे उत्तर सुचवतो. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवर रेशनचा गहू येतो. तो पिकतो पंजाब, हरियाणा किंवा मध्य प्रदेशात, आणि तिथून महाराष्ट्रापर्यंतचा प्रवास बहुधा मालगाडीने करतो. शेवटचा टप्पा ट्रकचा असल्यामुळे आपल्याला फक्त ट्रक दिसतो. रूळ आपल्या गावात नसले तरी रुळांवरून आलेला माल आपल्या घरात असतो. या मालाचा इतिहास कोणी लिहून ठेवला, हा या लेखाचा विषय आहे. त्यातला मोठा वाटा काही छंदिष्ट माणसांचा आहे.

दुष्काळासाठी आलेले रूळ

भोरच्या पूर्वेकडून पुणे-मिरज रेल्वेमार्ग जातो. नकाशा उघडून पाहा. पुणे-सातारा रस्ता जवळजवळ सरळ दक्षिणेला उतरतो. रेल्वे मात्र पूर्वेला वळसा घेऊन जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार अशी साताऱ्याला पोचते. रस्त्याला कात्रज आणि खंबाटकीचे घाट चढता येतात, रेल्वेला तितका उभा चढ झेपत नाही. गुळगुळीत रुळावर पोलादी चाक कमी शक्तीत पळते, आणि त्याच गुळगुळीतपणामुळे चढावर लवकर घसरते. म्हणून रेल्वे डोंगर टाळत जाते. भोर-वेल्ह्याकडे तर सह्याद्रीचे फाटेच फाटे!

हा मार्ग कशासाठी आला? १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे मेली. एका भागातले धान्य दुसऱ्या भागात वेळेवर पोचवायला साधन नव्हते. त्यानंतर सरकारने दुष्काळी मुलखात रेल्वे बांधण्याचे धोरण घेतले. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९० च्या सुमारास तिचे रूळ पुण्याला भिडले. म्हणजे या मार्गाच्या जन्माचे कारण धान्याची मालगाडी हे होते.

रूळ होते मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांतले अंतर १ मीटर. मुंबई-पुणे मार्ग मात्र १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजचा. मुंबईहून आलेला माल दक्षिणेकडे जायचा तर पुण्याला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. १९७० च्या आसपास पुणे-मिरज मार्ग ब्रॉड गेज झाला आणि ही चढउतार पुण्याहून मिरजेला सरकली. पुढे दोन दशके मिरजेला तिन्ही प्रकारचे रूळ एकत्र पाहायला मिळत: पुण्याकडे ब्रॉड गेज, लोंढ्याकडे मीटर गेज आणि कुर्डुवाडीकडे बार्शी लाइट रेल्वेचे ७६२ मिलिमीटरचे नॅरो गेज. १९९० च्या दशकात लोंढ्याकडचे रूळ रुंद झाले, आणि नव्या शतकात कुर्डुवाडीकडचेही. रेल्वेवेड्या माणसांना मिरज म्हणजे पंढरी वाटे, ते याचमुळे.

अमेरिकेतून आलेले, वाराणसीत वाढलेले

ब्रॉड गेजबरोबर या मार्गावर डिझेल इंजिनांचे राज्य आले. कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९-३० मध्येच झाले होते, पण पुण्याच्या दक्षिणेला विजेच्या तारा नव्हत्या. त्यामुळे कित्येक वर्षे कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीचे विजेचे इंजिन पुण्यात सुटे आणि घोरपडीच्या शेडमधले डिझेल इंजिन जोडले जाई.

यातले सर्वांत परिचित इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. हे नाव म्हणजे एक छोटी संकेतलिपी आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉड गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हींसाठी, आणि २ म्हणजे या जातीचा दुसरा नमुना. मूळ आराखडा अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा. तिची पहिली इंजिने १९६२ मध्ये भारतात आली. त्याआधी १९६१ मध्ये अल्कोच्या सहकार्याने वाराणसीत डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू झाला होता. तिथले पहिले इंजिन १९६४ मध्ये बाहेर पडले. १९९० च्या दशकाअखेरपर्यंत या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने बनली.

गंमत अशी की खुद्द अल्कोने १९६९ मध्ये इंजिने बनवणे थांबवले. अमेरिकेत तिची उरलेली इंजिने हळूहळू मोठ्या कंपन्यांकडून छोट्या, स्थानिक माल वाहणाऱ्या रेल्वेंकडे गेली. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावाजवळची अशी एक मालरेल्वे आजही अल्को चालवते, आणि ती पाहायला दूरदूरचे शौकीन येतात. तिकडे जे दुर्मिळ झाले ते आपल्याकडे लोणंदच्या फाटकात रोज उभे असे. रोजच्या गोष्टीची नोंद कोण ठेवणार?

काळा धूर आणि थोडे गणित

डिझेल इंजिनात चाके थेट डिझेल यंत्र फिरवत नाही. इंजिनाच्या पोटातले १६ सिलिंडरांचे, २,६०० अश्वशक्तीचे यंत्र जनित्र फिरवते, जनित्रातून वीज निघते आणि ती सहा आसांवरच्या सहा मोटारींना मिळते. म्हणजे हे खरे तर स्वतःचे वीजघर बरोबर घेऊन फिरणारे विजेचे इंजिन!

अल्कोची खूण म्हणजे निघताना सुटणारा काळा धूर. चालकाने शक्ती वाढवली की सिलिंडरात जास्त तेल लगेच जाते. पण जास्त हवा ढकलणारा टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरतो, त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी पडते, तेल अर्धवट जळते आणि काजळी बाहेर येते. चुलीत एकदम फार लाकडे सारली की काय होते ते आठवा. छायाचित्रे काढणाऱ्यांना हा धूर फार प्रिय. पण रुळालगत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांना तो प्रिय असण्याचे कारण नाही, हेही वर्गात सांगावे.

आता एक उदाहरण सोडवू. इंजिनासह २,००० टनांची मालगाडी शंभराला एक अशा चढावर आहे असे समजा. चढामुळे मागे खेचणारे बल २,००० भागिले १००, म्हणजे २० टन. शिवाय चाके गडगडण्याचा विरोध टनामागे २ किलो धरला तर ४ टन. एकूण २४ टन. डब्ल्यूडीएम-२ सतत ओढू शकते ते सुमारे साडेचोवीस टन, म्हणजे गाडी जेमतेम चढेल. वेग किती? २४ टन म्हणजे सुमारे २३५ किलोन्यूटन. चाकांपर्यंत १,५०० किलोवॅट पोचतात असे धरू. शक्ती भागिले बल म्हणजे वेग: सेकंदाला सुमारे ६.४ मीटर, तासाला २३ किलोमीटर. चांगला सायकलस्वार तिला गाठेल. घाटात मालगाडी इतकी सावकाश जाते म्हणून तर रेल्वेवेड्याला तिचे सगळे डबे मोजून लिहिता येतात.

वेड्यांनी काय लिहिले?

रेल्वेवेडा माणूस फाटकाशी उभा राहून तारीख, वेळ, इंजिनाचा क्रमांक, इंजिनावर रंगवलेले शेडचे नाव आणि मागच्या डब्यांचे प्रकार लिहितो. हा उद्योग रिकामटेकडा वाटेल. भारतात असे लोक पूर्वीपासून विखुरलेले होते. १९८९ मध्ये इंडियन रेल्वे फॅन क्लब सुरू झाल्यावर ते एकमेकांना भेटू लागले. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सर्वांसाठी खुले असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालयही अशाच एका आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिले.

या नोंदींचे मोल एका उदाहरणाने सांगतो. एकेकाळी लहान स्थानकालाही मालधक्का असे. चार चाकांचा बंदिस्त डबा साधारण पंचवीस टनांचा. लोणंदचा कांद्याचा व्यापारी किंवा कोल्हापूरचा गुळाचा अडत्या असा एकच डबा भाड्याने घेऊ शके. मालगाडी स्थानकास्थानकावर थांबे, भरलेला डबा जोडून घेई, रिकामा सोडून जाई. १९८० नंतर रेल्वेने धोरण बदलले. साठेक टनांचे आठ चाकी डबे आले आणि अशा चाळीसेक डब्यांची अख्खी गाडी एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी नेण्यावर भर आला. ५० किलोची पोती धरली तर एका डब्यात १,२०० पोती, गाडीत ४८,००० पोती. दहा टनांचे २४० ट्रक लागतील एवढा माल! रेल्वेला हे परवडले, पण एक डबा भरणारा व्यापारी ट्रककडे वळला आणि लहान मालधक्के ओस पडले.

सरकारी अहवालांत याचे एकूण आकडे मिळतात: किती कोटी टन, किती रुपये. पण अमुक स्थानकावर शेवटचा सुटा डबा कधी जोडला गेला, हे अहवाल सांगत नाही. ते सापडले तर एखाद्या छंदिष्टाच्या वहीत किंवा छायाचित्रात सापडते. इंजिनाच्या डौलासाठी टिपलेल्या छायाचित्रात मागे चार चाकी डबे दिसतात, धक्क्यावर पोत्यांच्या थप्प्या दिसतात, आणि छायाचित्रकाराच्या मनात नसताना व्यापाराचा पुरावा तयार होतो.

मात्र पुरावा तपासूनच घ्यायचा असतो. रेल्वेवेड्याचे प्रेम इंजिनावर. त्याच्या वहीत इंजिनाचा पाच आकडी क्रमांक असतो, पण डबा भरणाऱ्या हमालाचे नाव नसते. मिरजेला एका गेजच्या डब्यातून दुसऱ्यात किती पाठींवरून माल गेला, याची नोंद इंजिनाच्या शौकिनाने ठेवलेली नाही. महाराष्ट्रात हमाल-माथाडींसाठी १९६९ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यामागची माणसे शोधायची तर दुसरीकडे जावे लागते. जे आवडते तेवढेच माणूस टिपतो. वहीत जे नाही ते घडलेच नाही, असे इतिहासाच्या विद्यार्थ्याने समजू नये.

आता काय उरले?

२०२० नंतरच्या काही वर्षांत पुणे-मिरज मार्गावरही विजेच्या तारा आल्या. पुण्यात इंजिन बदलण्याचे कारण संपले. जुनी अल्को इंजिने झपाट्याने भंगारात निघाली. धूर कमी झाला हे चांगलेच झाले. पण इंजिनांबरोबर त्यांच्या काळाची साक्षही जाते आहे: शेडमधल्या कामगारांचे कसब, मालधक्क्यावरचे व्यवहार, फाटकवाल्याला आवाजावरून गाडी ओळखता येण्याची कला. हे जाणणारी माणसे आता निवृत्त आहेत.

म्हणून भोर-वेल्ह्याच्या शिक्षकांना एक प्रकल्प सुचवतो. रुळांवर जायची गरज नाही, जाऊही नये. परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे गुन्हा आहे आणि जिवाला धोका आहे. मुलांनी गावातल्या वृद्धांना, जुन्या दुकानदारांना, ट्रकचालकांना विचारावे: आपला तांदूळ पूर्वी कशाने आणि कुठे जाई? बैलगाडीने किती दिवस लागत? खत, सिमेंट, मीठ कोणत्या स्थानकावर उतरून येई? ते आणायला कोण जाई, हमाली किती पडे? प्रत्येक उत्तराशेजारी सांगणाऱ्याचे वय आणि सांगितल्याची तारीख लिहावी. दोन उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही ठेवावीत, आणि तिसऱ्या माणसाला विचारावे.

रेल्वेवेडा फाटकाशी उभा राहून जे करतो तेच हे, फक्त इंजिनाच्या क्रमांकाच्या जागी माणसाचे नाव येते. एका वर्गाने एका वर्षात वीस माणसांशी बोलणे झाले तरी पुरे. ती वही शाळेच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला तिच्यात भर घालायला सांगा.